कव्हरवर कोणाचा फोटो लावायचा?

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये चार जणांनी एकच विषय काढलाय, कॉलेजात म्युझिकचा अंक काढायचाय पण सुरुवात कुठून करायची. अंबाजोगाईचं पत्र सगळ्यात लांब होतं आणि त्यात सगळ्यांचंच दुखणं आलंय म्हणून त्याला जास्त जागा दिली, बाकीच्यांनी राग मानू नका.

प्रश्न : ताई नमस्कार, मी अंबाजोगाईला बीए सेकंड इयरला आहे. आम्ही सहा जणांनी मिळून म्युझिकचा अंक काढायचं ठरवलंय, वर्षातून दोनदा, चोवीस पानांचा. सर म्हणाले आधी तुमचा ऑडियन्स कोण अन् आयडियॉलॉजी काय ते एका कागदावर लिहून आणा, मग प्राचार्यांकडे जाऊ. तर त्या एका कागदावरून पंधरा दिवस झाले आमची भांडणं चालू आहेत. एक जण म्हणतो रॅपच घ्या, पोरं तेच ऐकायलेत. दुसरा म्हणतो पहिल्या कव्हरवर भीमगीतं गाणारी आमच्या गल्लीतली ताई पाहिजे, नाहीतर मी नाही. एका मैत्रिणीच्या घरात सप्ताहात मृदंग वाजवायची परंपरा आहे, तिला वाटतं भजन घेतलं की पोरं हसतील, म्हणून ती बोलतच नाही. आणि राहिलेले दोघं म्हणतात विचारधारा-बिचारधारा काही नको, फक्त म्युझिक, सगळ्यांसाठी. मला सगळ्यांचंच थोडं थोडं पटतं त्यामुळे लई गोंधळ झालाय. कागदावर काय लिहू?

उत्तर : अगं, ते पंधरा दिवसांचं भांडण जसंच्या तसं वहीत उतरवून ठेव आधी. कोण काय म्हणालं, कोण गप्प बसलं, कशावर आवाज चढला, सगळं. तुमच्या अंकाची भूमिका त्यातच आहे. आणि हो, 'आयडियॉलॉजी' शब्द ऐकला की पोरांना झेंडा आणि मोर्चा आठवतो म्हणून ती दचकतात, त्यापेक्षा आपल्याकडे अंक काढणारी माणसं वर्षानुवर्षं 'भूमिका' म्हणत आली तोच शब्द वापर. तू कुठे उभी राहून बघतेस, तिथून कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता ते जे दोघं म्हणतायत ना फक्त म्युझिक, त्यांच्याशी मला जरा जास्त बोलायचंय, कारण त्यांचा हेतू वाईट नाहीये, त्यांना भांडण नकोय. पण आपल्या मराठवाड्यात 'फक्त गाणं' असं काही असतं का? एसटीत शेजारच्याचा फोन वाजला की रिंगटोनवरून अख्खी बस ओळखते हा कोणाचा पोरगा आहे ते. १९३८ मध्ये निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या कॉलेजच्या होस्टेलातल्या मुलांनी वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला, हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात पण तेच झालं, आणि एका गाण्यापायी मुलांना काढून टाकलं, मग त्यातल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने घेतलं. ती मुलं तुमच्याच वयाची होती. नंतर मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्या नामांतराच्या काळात, १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत, किती गाणी लिहिली गेली आणि गावोगाव गायली गेली. आजही १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जा, पुस्तकांचे स्टॉल आणि गाण्यांचे स्टेज शेजारी शेजारी असतात. त्यामुळे 'आम्ही फक्त म्युझिक छापणार' म्हणालात की ती पण एक भूमिकाच झाली. ज्यांचं गाणं त्यांच्या जगण्याला चिकटलेलं आहे त्यांना तुम्ही बाहेर ठेवलं, आणि ज्यांच्या गाण्याला कोणी कधी जात विचारली नाही तेवढ्यांना आत घेतलं. ठरवून नाही केलं तरी होतं ते.

'सगळ्यांसाठी' यावर तर माझा स्वतःचा अनुभव आहे. मी शिकत होते त्या कॉलेजात (नाव राहू दे) आम्ही असाच एक अंक काढला होता, थोडं शास्त्रीय, थोडं सिनेमाचं, एक गझल, एक पोवाडा, एक पान इंग्लिश बँडचं, म्हणजे कोणी नाराज व्हायला नको. कोणी नाराज झालं नाही आणि कोणी वाचलाही नाही, गठ्ठे वर्षभर जिमखान्याच्या कपाटात पडून होते. मला अजून वाईट वाटतं त्याचं, कारण लिहिणाऱ्या मुलींनी खूप जीव लावून लिहिलं होतं आणि कोणासाठी लिहायचंय हे आम्ही त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

मोठ्यांचंही असंच होतं. इंग्लंडमध्ये एनएमई नावाचं म्युझिकचं साप्ताहिक १९५२ साली निघालं, त्याच वर्षी त्यांनी दुकानांना फोन करून कोणती रेकॉर्ड किती खपली ते विचारलं आणि त्या देशातला पहिला सिंगल्सचा चार्ट छापला. पुढे अनेक वर्षं त्याचा वाचक ठरलेला होता, गिटारवाल्या बँडांवर जीव टाकणारी तरुण पोरं. २०१५ मध्ये तो फुकट वाटायला लागले, म्हणजे स्टेशनवर जो येईल तो वाचक, आणि २०१८ मध्ये छापील साप्ताहिक बंद पडलं. इंटरनेट, जाहिराती अशी बाकीची कारणं होतीच, पण मला वाटतं 'आपला वाचक' ही गोष्ट आधी गेली. याच्या उलट अलाहाबादचं बघ. तिथे १९९३ मध्ये अमित सैगल यांनी रॉक स्ट्रीट जर्नल सुरू केलं. मुंबई-दिल्लीत नाही, अलाहाबादला! आपल्या गावात एकटाच रॉक वाजवणारा पोरगा हा त्यांचा वाचक, आणि तसे एकटे पोरं देशभर होते, त्यांना एकमेकांचा पत्ता त्या अंकाने दिला. छोट्या गावातून अंक काढणं कमीपणाचं नसतं हे तुमच्या रॅपवाल्या मित्राला सांग.

आता तुमचा वाचक. 'वय १८ ते २२, मुलं-मुली, संगीताची आवड' असं कागदावर लिहू नकोस, त्यातून कोणाचाच चेहरा दिसत नाही. तुमच्या कॉलेजात अर्धी मुलं अप-डाऊन करणारी असतील ना? मग केजवरून रोज एसटीने येणारी एक मुलगी डोळ्यांसमोर आण. पास काढलेला, एका इअरफोनचं एक टोक हिच्या कानात एक मैत्रिणीच्या, घरी भाऊ फोन बघतो म्हणून हिस्टरी डिलीट करते, आजीच्या ओव्या पाठ आहेत पण कॉलेजात सांगत नाही, आणि नवीन रॅप आला की पहिल्या दिवशी ऐकते. ही एकच मुलगी आहे, तुम्ही मात्र तिच्या आवडीवरून पाच गट पाडून भांडायलेत. ती अंक कधी वाचेल तर परतीच्या बसमध्ये, हलत्या गाडीत, म्हणून अक्षर जरा मोठं पाहिजे आणि लेख दीड पानापेक्षा मोठा नको. बघ, वाचक ठरला की टाइपचा साईज पण ठरतो.

गूगल फॉर्म पाठवून 'तुम्हाला कोणतं संगीत आवडतं' असं विचारू नका, सगळे भारी-भारी उत्तरं लिहितील. मेसमध्ये, कॅन्टीनला, स्टँडवर वीस-पंचवीस जणांजवळ बसा आणि विनंती करा की शेवटची दहा गाणी कोणती वाजवली ते दाखव. आणि वाजवायला कोणाला येतं ते पण विचारा. जीन्स घातलेला पोरगा सप्ताहात रात्रभर मृदंग वाजवतो, एखादा लग्नाच्या बँडमध्ये कॅशिओ वाजवून फी भरतो, बंजारा तांड्यावरची मुलं होळीला त्यांची लेंगी गाणी गातात, खुलताबादच्या उरुसात कव्वाली ऐकलेली मुलं असतात. हे फॉर्मवर कधीच येत नाही.

अजून एक, तुझ्या सरांना आवडेल असं. स्टुअर्ट हॉल नावाचे अभ्यासक होते इंग्लंडात, त्यांनी १९७३ मध्ये मांडलं की पाठवणारा एक अर्थ भरून पाठवतो पण घेणारा तोच अर्थ काढेल असं नाही, कोणी जसाच्या तसा घेतो, कोणी थोडा मान्य करतो थोडा आपल्या पद्धतीने वळवतो, कोणी सरळ उलटा वाचतो. समजा तुम्ही कव्हरवर मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीचा फोटो लावला. डीजे ऑपरेटर मुलगा म्हणेल शेवटी आमची पण कला कोणीतरी छापली. दुसरी म्हणेल गाणी मस्त पण माझ्या आजोबांची छाती धडधडते त्याचं काय. तिसरा म्हणेल ज्यांच्या जयंतीच्या डीजेवर बंदी येते आणि ज्यांच्या मिरवणुकीला सूट मिळते त्यात फरक का, ते लिहा की. फोटो तोच बरं का. म्हणून कव्हर ठरवताना तिन्ही प्रकारची माणसं समोर बसवून दाखवा, छापल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आणि आता ज्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे ते सांगते. अंकात बोलतंय कोण? आपल्या पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं लिहिली ती वासुदेवाच्या, गोंधळ्याच्या, जोहार घालणाऱ्या महाराच्या, फकिराच्या तोंडून. समोर कोण ऐकायला बसलंय हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून ती आजही चालतात. पण ते दुसऱ्याच्या तोंडून बोलणं होतं. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले तेव्हा ज्यांच्या तोंडी आधी दुसरेच लोक शब्द घालत होते ती माणसं स्वतः डफ घेऊन उभी राहिली. या दोन्हीतला फरक तुम्हाला चोवीस पानांत दिसला पाहिजे. आपल्या मराठवाड्यातच अस्मितादर्श या दलित साहित्याच्या नियतकालिकाचं उदाहरण आहे, गंगाधर पानतावणे सरांनी औरंगाबादहून चालवलेलं, त्याचं मोठेपण यातच की लिहिणारा आणि वाचणारा एकाच वस्तीतून उठून आला होता.

त्यासाठी एक काम करा. अंकाची डमी, म्हणजे छापायच्या आधीचा नमुना, बनवली की पानं मोजा. कोणाची मुलाखत आहे, कोणावर लेख आहे आणि कोणाचा नुसता फोटो आहे. आपल्याकडे शास्त्रीय गाणारा असला की 'कलावंत', गावातला असला की 'लोककलावंत', आणि मुलाखत पहिल्याची, फोटो दुसऱ्याचा. कॅप्शन तर नक्की तपासा. गायकाचं नाव असतं आणि शेजारी 'सोबत हलगीवादक'. अहो त्या माणसाची जात सगळ्या गावाला पाठ असते, नाव कोणी विचारत नाही. विचारा नाव. किती वर्षं वाजवतोय, हलगी कशी तापवतो, चामडं कुठून आणतो, एका लग्नाचे किती मिळतात, हे विचारा, मग तो लेख बाकी कुठल्याच अंकात नसेल.

मैत्रिणीला भजन नको वाटतंय, लोक हसतील म्हणून, तर तो लेख तिनेच लिहावा असं माझं मत आहे. भक्तीवर नको, मृदंगावर. शाई कशी लागते, कणीक किती लावायची, बोटं कशी सोलतात, मुलीने वाजवलेलं घरात चालतं का. तसंच जात्यावरच्या ओव्या. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी गावोगावच्या बायकांच्या ओव्या गोळा करायचं काम केलं, एक लाखाच्या वर ओव्या आहेत त्या संग्रहात, आणि त्यात तुमच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. म्हणजे ओवी म्हणजे फक्त माहेर-सासर आणि विठ्ठल असं जे आपण समजतो ते त्या बायकांनीच खोटं ठरवलं. तुझ्या दुसऱ्या मित्राचं भीमगीत आणि आजीची ओवी इथे एकत्र येतात, भांडायचं काही कारणच नाही.

कव्हरवर मी तर ती गल्लीतली ताईच लावेन. पण एप्रिलमध्ये नको, एप्रिलमध्ये सगळेच लावतात. ऑगस्टचा अंक असू दे, आणि तिला फक्त बाबासाहेबांबद्दल विचारू नका, गाण्याबद्दल विचारा. रात्री दोन वाजेपर्यंत उघड्यावर गाऊन गळा कसा सांभाळते, लोककवी वामनदादा कर्डकांची चाल कोणाकडून शिकली, कोरस कसा बसवते, माईक खराब असला तर काय करते, पाकिटात ठरलेले पैसे मिळतात का. रॅप करणाऱ्या पोराला तिच्यासमोर बसवा आणि त्यालाच मुलाखत घेऊ द्या. दोघंही यमक जुळवतात, दोघंही समोरच्या गर्दीला बघून ओळ बदलतात, बोलायला विषय संपणार नाही.

आणि कागदावर साधारण असं लिही : "आमचा वाचक आजूबाजूच्या गावांतून या कॉलेजात येणारा विद्यार्थी आहे. त्याच्या घरात, गल्लीत, तांड्यावर आणि फोनमध्ये जे वाजतं ते आम्ही संगीत मानतो. वाजवणाऱ्याला स्वतः बोलायला लावू, त्याचं पूर्ण नाव छापू. कोणत्याही समाजाच्या गाण्याची टिंगल करणार नाही, पण कोणतंही गाणं वाईट वाटलं तर का वाईट ते लिहू." एवढं पुरे. शेवटची ओळ मात्र काढू नका कोणी कितीही सांगितलं तरी, सगळं गोडगोड छापणारा अंक स्मरणिका होतो.

प्रश्न : मी लातूरचा. आमच्या अंकाला एक कोचिंग क्लासवाले मागचं पूर्ण पान घेतो म्हणतायत आणि एक स्थानिक नेते आतल्या पानावर वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या म्हणतायत, छपाईचा सगळा खर्च निघतो. घ्यावं का?

उत्तर : क्लासची जाहिरात घे दादा, लातुरात ती नाही मिळाली तर कोणती मिळणार, आणि तुझा निम्मा वाचक 'नीट'ची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करत रात्री हेडफोन लावून बसलेलाच असणार. फक्त एक अट घाल, आत काय छापायचं ते ते बघणार नाहीत. परीक्षेच्या टेन्शनमध्ये पोरं काय ऐकतात, रात्री झोप येत नाही तेव्हा काय ऐकतात, असा लेख तुम्ही केलात आणि त्यात क्लासच्या दबावाचा विषय निघाला तर तो कापायला लागू नये. हे आधीच बोलून घे, नंतर बोलणं जड जातं.

शुभेच्छांना मात्र माझा विरोध आहे. त्या एका पानाने बाकीच्या सगळ्या पानांचा अर्थ बदलतो. तू आत कितीही चांगलं लिही, वाचणारा म्हणणार हा अमक्याचा अंक आहे, आणि दुसऱ्या गटातली पोरं हातात पण घेणार नाहीत. पैसे कमी पडले तर पानं कमी कर. मधोमध पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात, चोवीस असतील तर वीस कर, नाहीतर सोळा कर. कव्हर रंगीत आणि आतलं काळं-पांढरं ठेवलं तरी खर्च बराच खाली येतो, आणि शे-दीडशे प्रतीच काढायच्या असतील तर ऑफसेटच्या आधी डिजिटल प्रिंटचा भाव विचार. वाण्याकडून, झेरॉक्सवाल्याकडून, वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडून छोट्या छोट्या चौकोनी जाहिराती मागा. तबल्याला पुडी चढवून देणाऱ्याची जाहिरात म्युझिकच्या अंकात किती शोभेल सांग बरं.

प्रश्न : मित्र म्हणतो मुलीचा स्टायलिश फोटो कव्हरवर टाकला की अंक उचलतात. आम्ही जालन्याचे, चारही मुलंच आहोत. खरंय का?

उत्तर : उचलतील कदाचित, पण मुलीच वाचणार नाहीत. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये हेच मांडलं होतं, बघणारा पुरुष धरूनच चित्र बनवलं जातं आणि बाई फक्त बघायची गोष्ट होऊन बसते. मुलगी गात असेल, वाजवत असेल, साउंड सांभाळत असेल तर तो फोटो जरूर लावा, तिच्या हातात वाद्य असू दे आणि आत तिचं म्हणणं असू दे. आणि चारही मुलंच आहात हे बदला आधी. अर्धा वाचक मुली आणि टीममध्ये एकही नाही, मग असले प्रश्न पडतातच.

प्रश्न : हिंगोलीहून लिहितोय. आम्हाला वामनदादा कर्डक आणि अण्णाभाऊ साठे यांची गाणी पूर्ण छापायची आहेत, शिवाय तांड्यावरच्या लेंगीचे बोल. चालतं का?

उत्तर : विचारलंस ते फार बरं केलं, बहुतेक जण न विचारता छापतात. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, आणि ती साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. अण्णाभाऊ १९६९ मध्ये गेले म्हणजे २०२९ संपेपर्यंत, वामनदादा २००४ मध्ये गेले म्हणजे २०६४ संपेपर्यंत. पूर्ण गाणं छापायचं तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी घ्या. रसग्रहण करताना मुद्द्यापुरत्या दोन-चार ओळी घेतल्या आणि कवीचं नाव दिलं तर अडचण नाही, आणि खरं सांगू का, नुसतं गाणं उतरवून छापण्यापेक्षा ते तुमच्या गावात कोण कसं गातं ते लिहिणं जास्त मोलाचं आहे.

लेंगी परंपरेची आहे, तिथे एक लेखक सापडणार नाही, पण म्हणून ती बेवारस नाहीये. ज्यांनी गाऊन दाखवली त्यांना विचारून छापा, तांड्याचं नाव आणि गाणाऱ्यांची नावं द्या. बोल गोरमाटीतच, म्हणजे बंजारा बोलीतच, ठेवा, खाली मराठीत अर्थ द्या, मराठी करून मूळ काढून टाकू नका. अर्थ तांड्यातल्याच कोणाकडून लिहून घ्या. होळीच्या गाण्यांत काही ओळी तिथल्या बायका-पुरुषांच्या थट्टेच्या असतात, त्या बाहेरच्यांसमोर छापायच्या का नाही ते तांड्यानेच ठरवू दे. अंक आला की पहिल्या पाच प्रती घेऊन तुम्ही स्वतः तिथे जा, कोणाच्या हाती पाठवू नका.